चंद्रावरच्या कॅमेऱ्याला 'टुकार' म्हणणाऱ्यांसाठी

जुनाट_अँटेना:
काल इथे एकाने टाकलं होतं, "अपोलो ११ चं चित्र किती टुकार, नासाला धड कॅमेरा नेता आला नाही, माझा आठ हजारांचा मोबाईल बरा." डोकंच फिरलं. अरे बाबा, लूनर मॉड्यूलवरून, म्हणजे चंद्रावर उतरलेल्या यानावरून, टीव्हीच्या सिग्नलला जागा मिळत होती ५०० किलोहर्ट्झची, घरच्या टीव्हीच्या चित्राला चार मेगाहर्ट्झच्या वर, म्हणजे आठपटीहून जास्त लागायची, म्हणून सेकंदाला १० फ्रेम आणि ३२० रेषा. वेस्टिंगहाऊस या अमेरिकन कंपनीत स्टॅन लेबार या इंजिनिअरच्या टीमने जेमतेम सव्वातीन किलोचा, साडेसहा वॅटवर चालणारा कॅमेरा बनवला. आणि लोकांनी घरी पाहिलं ते मूळ चित्र नव्हतंच, पृथ्वीवरच्या स्टेशनात मॉनिटरसमोर दुसरा कॅमेरा लावून केलेली नक्कल होती!

आठहजारी:
तो मीच. ठीक आहे, पण मे १९६९ ला अपोलो १० वरून रंगीत चित्र आलं होतं ना? मग दोनच महिन्यांनी चंद्रावर काळंपांढरं का? याचं उत्तर न देता आकडे फेकायचे.

जुनाट_अँटेना:
ते कमांड मॉड्यूलमधून, म्हणजे चंद्राभोवती फिरत राहणाऱ्या मुख्य यानातून आलं होतं, उतरणाऱ्या यानातून नाही. चंद्राच्या जमिनीवर रंगीत कॅमेरा नेला अपोलो १२ ला, तो अंतराळवीर अॅलन बीनच्या हातून सूर्याकडे वळला, आतली चित्र टिपणारी ट्यूब गेली, टीव्ही खलास.

आठहजारी:
म्हणजे टुकारच की. सूर्य दिसला की मरणारा कॅमेरा.

डोंबिवलीफास्ट:
आपल्याकडे पाहिलं कुणी म्हणा. बाबा सांगतात पेपरात वाचलं. मुंबईत टीव्हीच आला २ ऑक्टोबर १९७२ ला.

वैतागलेली_वहिनी:
कॅमेरा सोडा, मूळ टेप कुठेयत ते बोला. पुसून परत वापरल्या, २००९ ला नासानेच सांगितलं! माझ्या लग्नाच्या कॅसेटवर धाकट्या दिराने वनडे टेप केली, सप्तपदीची चार पावलं झाली की एकदम ड्रिंक्स ब्रेक. सासरे गेले, त्यांचं हलतं-बोलतं तेवढंच होतं. त्यामुळे नासाबद्दल कौतुकाने बोललं की मला राग येतो.

जुनाट_अँटेना:
वहिनी, त्या टेलिमेट्रीच्या टेप होत्या, यानाकडून येणाऱ्या सगळ्या डेटाच्या, त्यातच मूळ चित्रही होतं. प्रसारण झालेलं चित्र आहे शिल्लक, त्याच्याच प्रतींवरून नंतर सुधारून घेतलं. तुमच्या कॅसेटशी तुलना नको.

वैतागलेली_वहिनी:
का नको? नकलीची नक्कल राहिली आणि अस्सल गेलं, तुम्हीच वर लिहिलंय. माझ्याकडेही मामांनी काढलेले फोटो आहेत, मग काय रडू नको?

डोंबिवलीफास्ट:
कॅसेटचा मागचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडून टाकायचा असतो, मग त्यावर रेकॉर्डच होत नाही.

वैतागलेली_वहिनी:
धन्यवाद हं. सत्तावीस वर्षांनी सांगितलंत. आणि त्या भोकावर चिकटपट्टी लावली की परत रेकॉर्ड होतं, हे दिराला माहीत होतं.

डोंबिवलीफास्ट:
मग दोष दिराचा, टेपचा नाही.

आठहजारी:
हे कुठून कुठे गेलं! बरं, अपोलो १७ चं चंद्रावरून परतीचं उड्डाण बघून आलो. नासाचा कॅमेरा चालवणारा एड फेंडेल ह्यूस्टनला बसून, सिग्नल पोचायचा वेळ धरून कॅमेरा वर उचलायची कमांड आधीच सोडतो, आणि यान चौकटीत राहतं. माझ्या मोबाईलला हे जमणार नाही. झालं समाधान? ११ चा मात्र टुकारच.

जुनाट_अँटेना:
अर्धं झालं.

वैतागलेली_वहिनी:
मॅच आपण हरलो होतो, तेवढंच.