माणसाला खरंच सगळ्याची सवय होते का?

केतकी:
१९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये लॉटरी लागलेल्या २२ जणांना आणि त्यांच्याच भागातल्या २२ सामान्य लोकांना विचारलं, सध्या किती सुखी आहात? दोघांत फारसा फरक निघाला नाही. उलट नाश्ता, मित्राशी गप्पा, एखादा विनोद यातली लॉटरीवाल्यांची गोडी कमी झाली होती. मला हे मनापासून पटतं. नव्या फ्लॅटची वास्तुशांत होते आणि वर्षाच्या आत पार्किंगवरून धुसफूस सुरू. समाधान स्वभावात असावं लागतं, परिस्थितीतून ते येत नाही.

रानवारा:
केतकीताई, त्याच अभ्यासात अपघाताने लुळे पडलेले २९ जणही होते. शून्य ते पाचच्या मोजपट्टीवर लॉटरीवाले ४, सामान्य लोक ३.८२ आणि हे २.९६. कुठे झाली सवय?
माझे मामा नारळावरून पडले, कमरेखालचं सगळं गेलं. भेटायला येणारे म्हणतात, "किती हसतमुख!" रात्री कूस बदलायला मामीला उठवावं लागतं. तिची झोपमोड नको म्हणून ते हाकच मारत नाहीत. पाठीला जखमा झाल्या तेव्हा आम्हाला कळलं. त्या हसण्याला कुणी समाधान म्हटलं की मला राग येतो.

माध्यान्ह:
राग समजतो. पण २.९६ म्हणजे मध्याच्या वरच ना? एवढं गमावूनही माणूस तळाला जात नाही, ही लहान गोष्ट नाही. मामांचं हसू सगळंच खोटं असेल असं मला वाटत नाही.

रानवारा:
खोटं नाहीच. पण त्यांना एअर बेड आणि रात्रीला एक माणूस मिळाला तर आयुष्य बदलेल, आणि दोन्हीला पैसे लागतात. स्वीडनमध्ये मोठी लॉटरी लागलेल्यांवरचा २०२० चा अभ्यास आहे. आयुष्याबद्दलचं त्यांचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलंच होतं. मग परिस्थितीतून काहीच येत नाही, हे कसं?

केतकी:
मामांना एअर बेड आधी, बाकी सगळं नंतर, यात वादच नाही. पण त्याच स्वीडिश अभ्यासात आनंद आणि मानसिक स्वास्थ्य यांवरचा परिणाम बराच कमी दिसला. पैसा आल्यावर "माझं बरं चाललंय" असं माणूस म्हणतो, पण सकाळी उठल्यावर मन हलकं असेलच असं नाही. मी बोलतेय ते घर, माणसं, तब्येत सगळं असून आतून कोरड्या राहिलेल्यांबद्दल. त्यांना आणखी पैसे देऊन काय होणार, हे मला कुणीतरी सांगा.