एनसी (पोलिसांकडची अदखलपात्र नोंद) झाली, नंतर एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर निघालं. आता गुन्हा दाखल होईल का?

सायली_वाचते

नमस्कार. माझे बाबा ६४ वर्षांचे आहेत. मागच्या शनिवारी गेटपुढे गाडी लावण्यावरून शेजाऱ्यांशी वाद झाला. शिवीगाळ झाली, मग शेजाऱ्यांनी बाबांचा उजवा हात मनगटापाशी धरून पिरगळला आणि ढकलून दिलं. बाबा पायरीवर पडले. त्याच संध्याकाळी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. त्यांनी सगळं लिहून घेतलं, बाबांची सही घेतली आणि एक कागद दिला. त्यावर 'अदखलपात्र' असं लिहिलंय आणि कलम ११५(२), ३५२ भारतीय न्याय संहिता. डॉक्टर त्या दिवशी म्हणाले होते, मुका मार आहे, सूज उतरेल.

सूज उतरली नाही. मंगळवारी एक्स-रे काढला तर मनगटाच्या हाडाला तडा गेलेला. आता प्लास्टर आहे.

त्या कागदाचा अर्थ गुन्हा दाखल झाला असा होतो का? कोर्टातून आम्हाला बोलावणं येईल का? शेजारी सगळ्यांना सांगत फिरतायत की एनसीला काही किंमत नसते. माझा भाऊ म्हणतो, परत जाऊ आणि सांगू की लोखंडी गज होता, त्यांचा मुलगापण मारायला आला होता, म्हणजे केस पक्की होईल. मुलगा तिथे उभा होता हे खरं, पण त्याने हात लावला नव्हता. मला हे पटत नाहीये, पण भावाला काय उत्तर द्यावं ते कळत नाही.

मधुकर७१

आमचीपण एनसी झाली होती. दोन वर्षं झाली, कुणी विचारलंसुद्धा नाही. वेळ घालवू नका, आपसात मिटवा.

निवृत्त_ठाणे_अंमलदार

सायलीताई, मी ३१ वर्षं पोलीस खात्यात होतो. त्यातली बरीच वर्षं ठाणे अंमलदाराच्या टेबलावर गेली. तुमच्या बाबांकडे आहे तसे कागद मी किती लिहिले त्याची गणती नाही. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले तेव्हा मी सेवेतच होतो, त्यामुळे जुनी-नवी दोन्ही कलमं तोंडात आहेत.

आधी तुमचा कागद. गुन्हे दोन प्रकारचे असतात. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस आपणहून तपास सुरू करतात, गरज असेल तर वॉरंट नसतानाही अटक करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्यांचा हुकूम असल्याशिवाय पोलिसांना तपास करताच येत नाही. साधी दुखापत म्हणजे ११५(२), जुन्या दंड संहितेतलं ३२३. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष, आणि अदखलपात्र. ३५२ म्हणजे जुनं ५०४, समोरचा चिडून शांतता मोडेल असा अपमान करणं. तेही अदखलपात्र. म्हणून तुमची माहिती एनसीच्या रजिस्टरला नोंदवली आणि नक्कल दिली. त्या संध्याकाळी अंमलदारासमोर सुजलेला हात होता, मोडलेलं हाड त्याला दिसण्यासारखं नव्हतं. त्याने तुम्हाला टाळलं असं मला वाटत नाही.

मधुकररावांची एनसी दोन वर्षं पडून राहिली, कारण त्यांना पुढची पायरी कुणी सांगितलीच नाही. एनसी मिळाल्यावर फिर्यादीने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं असतं. पोलिसांनीही तसं सांगायचं असतं, कायद्यातच आहे ते. आम्ही बऱ्याचदा नुसता कागद हातात देऊन मोकळे होत होतो. ती आमची चूक.

आता तुमचं प्रकरण बदललंय. न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये 'जबर दुखापत' कशाला म्हणायचं त्याचे आठ प्रकार दिलेत. त्यातला सातवा म्हणजे हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं. तडा छोटा की मोठा हा मुद्दा नंतरचा. जबर दुखापतीला कलम ११७(२) लागतं, जुनं ३२५. शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि ते दखलपात्र आहे. एका घटनेत पाच कलमं असली आणि त्यातलं एक जरी दखलपात्र असलं, तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरतात. म्हणजे शिवीगाळीचा तपाससुद्धा आता त्याबरोबरच होईल.

तेव्हा उद्याच ठाण्यात जा. एनसीचा नंबर, एक्स-रेची फिल्म (नुसता रिपोर्ट नको, फिल्म घ्या) आणि डॉक्टरांचा जखमेचा दाखला बरोबर ठेवा. बाबांचा पुरवणी जबाब घ्या आणि गुन्हा दाखल करा असं सांगा. ते मेडिकल यादी (तपासणीसाठी डॉक्टरांना पोलिसांचं पत्र) देऊन सरकारी दवाखान्यात पाठवतील, तिथे कंटाळा न करता जा. शनिवारी फ्रॅक्चर का कळलं नाही हे जबाबात आलंच पाहिजे: 'सूज उतरली नाही म्हणून मंगळवारी एक्स-रे काढला.' एवढं एक वाक्य नसेल तर पुढे वकील विचारतो, मधल्या तीन दिवसांत हात दुसरीकडे कशावरून मोडला नाही? लिहून झालं की वाचून दाखवायला सांगा आणि नीट ऐकून मगच सही करा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे.

आता भावाबद्दल, आणि हे मी कळकळीने लिहितोय. त्याला राग आलाय, तो खरा आहे. पण गज घालू नका, मुलगा घालू नका.

एका मारामारीत एक माणूस डोकं धरून माझ्यासमोर आला होता. शर्टाची कॉलर रक्ताने कडक झाली होती. त्याने तीन भावांची नावं सांगितली. मी कागद ओढला तेवढ्यात त्याचा मेहुणा त्याला बाहेर घेऊन गेला. परत आला तो म्हणाला, साहेब, चौथा पण लिहा, त्यांच्या बापाने काठी मारली. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तरी मी लिहिलं. फिर्यादी सांगेल ते लिहायचं, असं आम्हाला शिकवलेलं. चार वर्षांनी केस उभी राहिली. बचावाच्या वकिलाने दवाखान्याचे कागद काढले: बाप त्या दिवशी ॲडमिट होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन. मग त्याने फिर्यादीला शांतपणे एकच विचारलं, 'बापाचं नाव कुणाच्या सांगण्यावरून घातलंत?' फिर्यादीने खाली मान घातली. बाकीच्या तिघांबद्दलचंही त्याचं बोलणं मग कोर्टाने धरलं नाही. चौघेही सुटले. त्या माणसाच्या डोक्याला सात टाके होते, मी स्वतः पाहिलेले. मारलं कुणी हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. लिहिताना पेन खाली ठेवून मी त्याला एकदा नीट विचारायला हवं होतं. ते अजून मला लागतं.

सिद्ध करायची जबाबदारी नेहमी सरकार पक्षावर असते आणि शंका उरली तर तिचा फायदा आरोपीला जातो. तुमच्याकडे आज खरी आणि पुरेशी हकीकत आहे. खोटा गज घातलात तर शंका तुम्हीच तयार करून द्याल.

ॲड_मृणाल

काकांचं सगळं बरोबर आहे, तुम्ही तसंच करा. मी फौजदारी बाजूचंच काम करते, म्हणून पुढचं थोडं.

एक्स-रेमुळे गुन्हा दाखल होईल, पण तेवढ्याने ११७ सिद्ध होत नाही. फौजदारी कायदा माणसाने काय केलं हे बघतो, आणि करताना त्याच्या मनात काय होतं हेही बघतो. जबर दुखापत करायचा हेतू होता, किंवा अशाने हाड मोडू शकतं याची त्याला जाणीव होती, हे दाखवावं लागतं. भांडणात ढकललं आणि माणूस नेमका पायरीवर पडला, ही एक गोष्ट. चौसष्ट वर्षांच्या माणसाचं मनगट धरून पिरगळलं, ही दुसरी. दोन्हींत हाड तेच मोडतं, पण गुन्हा वेगळा ठरू शकतो. म्हणून बाबांना शांतपणे विचारा: जोराची कळ पिरगळताना आली की पडल्यावर? जे आठवतं तेच सांगू द्या. आठवत नसेल तर 'आठवत नाही' हेही चालतं. तुम्ही त्यांच्या तोंडी शब्द घालू नका.

११७(२) जामीनपात्र आहे. शेजारी त्याच दिवशी घरी आलेले दिसतील, तेव्हा 'पोलीस फितले' असं मनात आणू नका. जामीन म्हणजे सुटका नव्हे. बऱ्याचदा अटकही होत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास-अटकेच्या पद्धतीचा नवा कायदा) कलम ३५(३) ची नोटीस देऊन हजर राहायला सांगतात. अटक केलीच तर २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून.

ठाण्यात घेतलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा, पोचपावती जपा. तिथेही हललं नाही तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलंय की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे.

गुन्हा दाखल झाल्यावर खटला सरकार चालवतं, तुम्ही नाही. बाबा साक्षीदार असतात. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, नाही कळवलं तर विचारा. आणि मधुकरराव, साध्या दुखापतीच्या गुन्ह्याला एक वर्षाची मुदत असते. दोन वर्षांनी कोर्टाने दखल घ्यायची तर उशीर माफ करून घ्यावा लागेल. तुमचे कागद एखाद्या वकिलाला दाखवून बघा.

एक_बहीण

मी दुसऱ्या बाजूची आहे. माझ्या भावावर हेच ११७(२) लागलंय. आरोपपत्रसुद्धा अजून गेलेलं नाही, पण ओळखीपाळखीचे लोक आत्ताच त्याला गुन्हेगार म्हणतात. आई रडते. एफआयआर म्हणजे दोषी ठरलाच का?

ॲड_मृणाल

नाही. एफआयआर म्हणजे एका माणसाने दिलेली पहिली माहिती. ती खरी की खोटी हे तपासायला तिथून सुरुवात होते. निकाल लागेपर्यंत तुमचा भाऊ आरोपी आहे, गुन्हेगार नाही. नोटीस आली तर प्रत्येक तारखेला हजर राहू द्या, आणि समोरच्या घरी जाऊन कुणी 'मिटवून टाका' असं बोलू नका. साक्षीदारावर दबाव आणला असा अर्थ निघतो. आईंना सांगा, आरोप सिद्ध करायचा भार सरकार पक्षावर आहे, आपल्यावर नाही.

सायली_वाचते

काका, मृणालताई, आज जाऊन आलो. भावाला काकांचं लिहिलेलं वाचायला दिलं होतं. तो काही बोलला नाही, पण ठाण्यात बाहेरच्या बाकावर बसून राहिला, आत आलाच नाही. बाबांनी एकट्यानेच सांगितलं. म्हणाले, पिरगळल्यावर 'कट्' असा आवाज आला, मग पडलो. हे ते आम्हाला कधी बोलले नव्हते. तिथल्या बाईंनी सगळं लिहून वाचून दाखवलं. एका ठिकाणी 'डावा हात' झालं होतं, बाबांनीच दुरुस्त करून घेतलं. ११७(२) लागलं, प्रत मिळाली. एकच विचारायचं राहिलं: जुन्या एनसीचा कागद आता फाडून टाकला तर चालेल का?

निवृत्त_ठाणे_अंमलदार

मुळीच फाडू नका. घटना घडल्यावर काही तासांतच बाबा ठाण्यात गेले होते आणि तेव्हाही 'हात पिरगळला' असंच म्हणाले होते, हे त्या कागदावरून दिसतं. एफआयआर, एनसी आणि एक्स-रेची फिल्म एका फाइलला ठेवा. फिल्म घडी घालू नका आणि उन्हात ठेवू नका. केस उभी राहायला वर्षं जातात. डॉक्टरांचं नाव, दवाखान्याचा केसपेपर नंबर आणि प्लास्टर काढल्याची तारीख आजच एका कागदावर लिहून त्यातच घाला.