विंचेस्टरजवळ ज्येष्ठांना झेपेल अशी छोटी चाल कुठली?

ठाणेकर_लंडन
ऑक्टोबरच्या मध्यात आई-बाबा इकडे असतील. दोघंही सत्तरीचे. सपाटीवर दीड तास आरामात चालतात, पण उतारावर आईचे गुडघे दुखतात. ट्रेनने विंचेस्टरला जाऊन कॅथेड्रल बघायचं आणि मग गावाबाहेर थोडं फिरायचं असा बेत आहे. गाडी नाही. सेंट कॅथरीन्स हिल जमेल का? चिखल किती असतो?

पायवाट
नदीकाठच्या कुरणांतून सेंट क्रॉसला जा. जायला साधारण दोन किलोमीटर, सगळं सपाट. टेकडीचा निर्णय घरून ठरवून निघू नका, तो वाटेत घ्या.

कॅथेड्रलच्या आवारातून प्रायरी गेटने बाहेर पडलं की किंग्जगेट लागतं. वेशीच्या डोक्यावर छोटंसं चर्च आहे, तेही बघा. तिथून डावीकडे कॉलेज स्ट्रीट (जेन ऑस्टेनचं 1817 मध्ये निधन झालं ते घर इथेच), टोकाला उजवीकडे कॉलेज वॉक, आणि पुढे इचेन नदीच्या फाट्याकाठची पायवाट. पाणी खडूच्या थरांतून झिरपून येतं म्हणून इतकं नितळ. थांबून बघितलंत तर ट्राउट दिसतात. 1819 च्या शरदात कीट्स इथे राहत होता, तेव्हा रोज जेवणाआधी तासभर फिरायचा. ऋतू अगदी योग्य निवडलात.

मध्ये गार्नियर रोड आडवा येतो. तो ओलांडून सरळ गेलात की सेंट क्रॉस. 1130 च्या दशकात बिशप हेन्री ऑफ ब्लोआने स्थापन केलेला हा आश्रम आजही वृद्धांचं निवासस्थान आहे, तेव्हा आत आवाज हळू ठेवा. वाटसरूला पावाचा तुकडा आणि घोटभर बिअर द्यायची जुनी प्रथा इथे अजून पाळतात, पण आपणहून कोणी विचारत नाही. पोर्टर्स लॉजवर मागावं लागतं. बिअर नको असेल तर तेव्हाच सांगा. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि रविवारी सकाळी प्रार्थना असते, म्हणून वेळा बघूनच निघा.

खडूचा_डोंगर
टेकडीबद्दल. परतताना गार्नियर रोडला उजवीकडे वळून नदी ओलांडली की पायथा. नदीपासून चढ साठ-पासष्ट मीटरच आहे, पण पायऱ्यांची वाट सरळ अंगावर येते. चढताना दम लागेल एवढंच. खरा त्रास उतरताना. इथली माती खडूची. ओली झाली की वर साबणासारखा थर येतो आणि बुटाच्या खाचा भरून जातात, मग महागडे बूटही घसरतात. त्या दिवशी ऊन पडलंय एवढ्यावर जाऊ नका, आधीच्या दोन-तीन दिवसांत पाऊस झाला का ते बघा. झाला असेल तर आईंना खालीच नदीकाठी बसू द्या.

कोरडं असेल तर पायऱ्या टाळा. पायथ्याने दक्षिणेकडे जाऊन प्लेग पिट्स व्हॅलीतून वर चढा. वाट लांब पडते पण चढ सौम्य, आणि उतरायलाही तीच घ्या. वर लोहयुगातल्या किल्ल्याचा खंदक, बीच झाडांची राई आणि मिझमेझ, म्हणजे गवतात कोरलेला चक्रव्यूह. त्यात चालायचं ते कोरलेल्या चरातून; मधलं गवत तुडवलं की कडा ढासळतात. पूर्वेच्या अंगाला एम-3 चा आवाज येतो. 1990 च्या दशकात ट्वायफर्ड डाउन कापून तो रस्ता काढला. बसायचं तर पश्चिमेकडे, शहराकडे तोंड करून.

वर वारा लागतो, कानाला मफलर हवा. स्वच्छतागृह नाही.

पायवाट
चिखलाचं राहिलं. ऑक्टोबरच्या मध्यात कुरणांची वाट बहुतेक ठीक असते, साधे जलरोधक बूट पुरतात. खरी अडचण जानेवारी ते मार्च. खडूतलं भूजल सावकाश चढतं, त्यामुळे पाऊस थांबल्यावर कित्येक दिवसांनीही वाट पाण्याखाली असू शकते. कुरणात गुरं असली तर लांबून वळसा घ्या, गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका. फाटक जसं सापडेल तसंच ठेवा.

रेल्वेवाला_काका
वॉटर्लूहून साधारण तासाभराचा प्रवास. तिघं एकत्र असाल तर ग्रुपसेव्ह घ्या, ऑफ-पीकला एक-तृतीयांश सूट मिळते आणि कुठलंही कार्ड लागत नाही. मात्र तिघांनी सोबतच प्रवास करायला हवा. स्टेशनपासून कॅथेड्रल चालत पंधरा मिनिटं, जाताना उतार, म्हणजे संध्याकाळी दमल्यावर चढ. परतीला टॅक्सी करा.

परतीच्या चालीला तीच वाट नको असेल तर गार्नियर रोडच्या पुलापासून इचेन नेव्हिगेशनच्या काठाने उत्तरेला या. हा जुना कालवा, काठ सपाट. वॉर्फ हिलवरून पुढे द वीअर्सच्या वाटेने थेट सिटी मिलपाशी निघता. टेकडी वगळून सगळी फेरी पाच किलोमीटरच्या आत बसते. नकाशा ओएस एक्स्प्लोरर ओएल 32 घ्या, 4 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर. पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात.

मध्य-ऑक्टोबरला सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास. बेत पुढे ढकलून महिनाअखेरच्या रविवारनंतर गेलात तर घड्याळं एक तास मागे गेलेली असतील आणि पाचच्या आत अंधारेल. तेव्हा आधी चाल, मग कॅथेड्रल.