आजोबांची बुलेट ट्रायल्ससारखी करू का?

प्रश्न (दारव्हा): आजोबांची ३५० बुलेट खोलून राह्यलो. जॉनी ब्रिटन नावाच्या इंग्रज रायडरनं १९५२ अन् १९५७ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल (स्कॉटलंडातली सहा दिवसांची, खडकाळ वाटांवरची बाइक स्पर्धा) एनफिल्डवर जिंकली, तशी करायची हाय. सायलेन्सर वर घेऊ का?

उत्तर १: घे ना बाप्पा! पण आधी गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, कमी दातांचं टाक. मागचं स्प्रॉकेट ब्रेकच्या ड्रमसंगच येते, त्याच्या नादी लागू नको. ट्रायल्समध्ये वेग कोणी पाहत नाही. पाय टेकला का गुण गेले. नाल्यातल्या गोट्यांवरून हळूहळू, बंद न पडता निघाली पाहिजे.

उत्तर २: बुलेट ट्रायल्समध्ये नवी आली तवा बाकी बहुतेकांच्या गाड्या मागून ताठ, बिनस्प्रिंगच्या; बुलेटला स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक वरखाली हलू देणारा दांडा. लोक हसले होते म्हणे!

प्रश्नकर्ता: मडगार्ड कापू?

उत्तर १: आजोबांना विचारलं का? दुसरं घे अन् ते काप. मूळचं माळ्यावर ठेव.