९ डिसेंबरला नारळ कशासाठी?

मालवणात आमच्याकडे माजी नौसैनिकांची मंडळी ४ डिसेंबरला नौदल दिन करतात. झेंडा, भाषण, बुंदीचे लाडू. पण ९ तारखेला आजोबा आणि त्यांचे तीन दोस्त गुपचूप धक्क्यावर जाऊन नारळ सोडतात. विचारलं की, "तुका काय कळतला?" कुणाला माहीत आहे का?

उत्तर १: आपल्या 'खुकरी' या युद्धनौकेसाठी. १९७१ च्या ४ डिसेंबरला रात्री आपल्या मिसाइल बोटींनी कराची बंदरावर हल्ला केला, म्हणून नौदल दिन. पाचच दिवसांनी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आलेच नाहीत.

उत्तर २: दीवला स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती. बाबांना घेऊन गेलो होतो. ते नौदलातच होते, पण दुसऱ्या जहाजावर. काचेसमोर चप्पल काढून उभे राहिले, मला जेवायला उशीर झाला म्हणून मी चिडलो. (अजून लाज वाटते.)

प्रश्नकर्ती: आजोबांना 'खुकरी' एवढंच म्हटलं. ते उठले, ट्रंकेतून एक फोटो काढला. पांढऱ्या गणवेशातली सहा पोरं. दोघांवर बोट ठेवलं, "हे रवले थंयच." यंदा नारळ मी सोलणार आहे.

उत्तर १: शेंडी ठेव हां.