मदत हवी आहे: बोटीतला फ्रिज रात्री बंद पडतो, बॅटरी तर ठणठणीत

डोलकाठी: 26 फुटी बोट, मांडव्याला असते. जुन्या आइसबॉक्समध्ये बीडी35 कॉम्प्रेसरचं किट घरीच बसवलं. इंजिन चालू असताना झकास चालतो. रात्री मात्र कॉम्प्रेसर लागतो, दोन सेकंदांत थांबतो, मिनिटाभराने पुन्हा तेच. बॅटरी 12.4 व्होल्ट दाखवते. कंट्रोलर (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलाय का? शनिवारी निघायचंय, लवकर सांगा.

सुकाणू: कंट्रोलर आत्ताच घेऊ नका. वायर किती चौरस मिमी? किती लांब? 12.4 कुठे मोजले?

डोलकाठी: पॅनेलच्या मीटरवर, कॉम्प्रेसर थांबलेला असताना. वायर 2.5, पॅनेलमार्गे साधारण 7 मीटर.

नाखवा: वायरींच्या भानगडीत पडू नका. 100 अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी टाका, रात्रभर 13 च्या आसपास राहते.

सुकाणू: त्याने दोष झाकला जाईल, सांधा तापतच राहील. फायबरच्या बोटीत तापलेला सांधा म्हणजे आगीला आमंत्रण.
डोलकाठी, हा कंट्रोलर 10.4 व्होल्टला तोडतो आणि 11.7 ला परत जोडतो. लोड आला की व्होल्टेज पडतं, थांबला की चढतं. इंजिन चालू असताना अल्टरनेटरचे 14 मिळतात म्हणून निभावतं. कंट्रोलरच्या ‘+’ आणि ‘डी’ टर्मिनलमध्ये 10 मिलिअँपिअरचा एलईडी लावा. थोड्या थोड्या वेळाने एकदाच लुकलुकला तर कमी व्होल्टेज, तीनदा लुकलुकला तर मोटर सुरू होत नाहीये.

वल्हेकर: आइसबॉक्सभोवतीचा थंडावा धरणारा फोम किती जाड आहे? 100 मिमी नसेल तर उकाड्यात कॉम्प्रेसर थांबायचाच नाही. दोन दिवसांच्या फेरीला ससून डॉकचा बर्फ भरा, वीजच नको.

नाखवा: दोन दिवसांत लादीचं पाणी होतं, वल्हेकर. बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप चालवत बसायचं का?

डोलकाठी: फोम 75. बर्फ नको आहे. एलईडी लावला, एकदाच लुकलुकतो. कॉम्प्रेसर लागताना बॅटरीवर 12.3, कंट्रोलरवर 10.2.

सुकाणू: 2.1 व्होल्ट वाटेत गेले. तेवढ्या वायरीत 5 अँपिअरला अर्धा व्होल्ट जातो, बाकीचं एखादा सांधा खातोय. कॉम्प्रेसर लागताना मीटरचं एक टोक सांध्याच्या अलीकडे, दुसरं पलीकडे लावा. 0.1 च्या वर दिसलं की तोच चोर. निगेटिव्हची बाजूही तपासा.

डोलकाठी: सापडला. पॅनेलमागचा काचेच्या फ्यूजचा होल्डर, एकट्यावर 1.3. आतली पितळी पट्टी हिरवी पडलीय, प्लास्टिक पिवळं. घासून बसवू का?

सुकाणू: घासू नका, खारी हवा महिन्याभरात परत खाईल. फ्रिजला पॅनेलमधून काढून थेट बॅटरीवर न्या. 2.5 ची वायर 2.5 मीटरपर्यंतच चालते, 4 ची 4, 6 ची 6. बॅटरीपासून सरळ अंतर किती?

डोलकाठी: साडेचार.

सुकाणू: मग 6 चौरस मिमी, कल्हई केलेली तांब्याची, दोन्ही तारा. पॉझिटिव्हवर बॅटरीच्या टोकाशीच 15 अँपिअरचा फ्यूज. वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून क्रिंप करा, वर गोंदवाली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). नुसतं सोल्डर नको, वायर हलून त्याच जागी तुटते.

वल्हेकर: आणि फोम?