रिसॉर्टचं जेवण फसलं, वर सर्व्हिस चार्ज. द्यायचा का?

प्रश्न: खानापूरकडच्या एका महागड्या रिसॉर्टात घरच्या सहा जणांचं जेवण. पांढरा रस्सा फुटलेला, भाकरी चामट. 4000 च्या बिलावर 10% सर्व्हिस चार्ज, त्यावर 18% जीएसटी. काय कमी होईल?

उत्तर 1: सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे की ओ! 4 जुलै 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना तशाच आहेत, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या उचलून धरल्या. पैसे देण्याआधीच मॅनेजरकडून बिल बदलून घ्या. चार्जचे 400 आणि त्यावरचा जीएसटी 72, असे 472 वाचतात. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो काढून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

उत्तर 2: 18% वर मात्र भांडू नका. खोलीचं भाडं दिवसाला 7500 च्या वर असलेल्या हॉटेलात तोच दर लागतो. साध्या खानावळीत 5%.

उत्तर 3: रश्श्यातलं नारळाचं दूध खळखळून उकळलं की फुटतं. बुफेत भांडं तासभर गरम पाण्यावर असतं, मग दुसरं काय होणार? दूध शेवटी, मंद आचेवर घालायचं. भाकरी डब्यात झाकली की स्वतःच्या वाफेनेच चामट होते. एकदम बारा मागवू नका; दोन-दोन, तव्यावरून थेट ताटात.